शांत तुकडा

सिनेमा संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या विरत असतानाच तिसऱ्या रांगेतल्या एका फार म्हाताऱ्या बाईने हात वर करून विचारलं, "माझी आई कुठे आहे?" माइक तिच्यापर्यंत पोचायची वाट तिने बघितली नाही. लोकांनी माना वळवल्या, आणि घराचा पत्ता विसरलेल्या माणसाकडे बघतात तसं तिच्याकडे बघितलं. चंद्रहास पडद्याच्या कडेला उभा होता. हा सिनेमा ज्यांनी दुरुस्त केला त्यांना प्रश्न विचारा, असं फियोनाने आत्ताच माइकवरून सांगितलं होतं. फियोना म्हणजे त्याची साहेब. आवाजाचं काम त्याचं होतं, म्हणून उत्तर त्यानेच द्यायचं होतं. त्याने हसून म्हटलं, मॅडम, नक्की कोणत्या भूमिकेबद्दल विचारताय? बाईंच्या शेजारी बसलेली त्यांची नात लाजून उठली आणि तिने खुलासा केला. आजीची आई या सिनेमात दिसत नाही. ती पियानोखाली लपलेली असायची. हिरोला इंग्लिश येत नव्हतं, त्याचं प्रत्येक वाक्य ती आधी हळूच सांगायची. पियानोखालून, सोफ्याच्या मागून, एकदा तर म्हणे कपड्यांच्या टोपलीतून. तो आवाज सिनेमात ऐकू येतो असं घरातले सगळे सांगत आले होते, म्हणून आजी अप्पर हट गावातल्या नर्सिंग होममधून एवढ्या लांब आली होती. "आजीला आता फारसं ऐकू येत नाही," नात म्हणाली, "पण मला येतं. मला काहीच ऐकू आलं नाही." चंद्रहास म्हणाला, मी बघतो. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सिनेमा तसा खुळाच होता. एकोणीसशे एकतीसचा, बर्लिनचा. बोलपट नुकते सुरू झाले होते आणि बोलता येतंय या आनंदात सगळेच गात सुटले होते. एका मोठ्या दुकानातला लिफ्टवाला टोप्या विकणाऱ्या पोरीच्या प्रेमात पडतो, लिफ्ट मध्येच अडकते, लिफ्टमध्ये गाणं, लिफ्टच्या टपावर गाणं, शेवटी मालकासकट अख्खं दुकान जिन्यावरून नाचत खाली उतरतं. बाहेर लोकांना कामं नव्हती आणि आत सिनेमात बेकार लोक टोप्या उडवत होते. दोन वर्षांत त्या नाचणाऱ्यांपैकी, वाजवणाऱ्यांपैकी, दिवे धरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना देश सोडावा लागला, आणि ज्यांना सोडता आला नाही त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डबिंगचं तंत्र तेव्हा कच्चं होतं. त्यामुळे त्याच सेटवर तोच सिनेमा आधी जर्मनमध्ये आणि मग पुन्हा इंग्लिशमध्ये काढत, परदेशी धंद्यासाठी. जर्मन प्रत जगात कुठेच उरली नव्हती. इंग्लिश प्रत जहाजातून न्यूझीलंडला आली, इथल्या गावागावांत फिरली, आणि परत पाठवायचं भाडं कोणी भरायचं म्हणून तारानाकीकडच्या एका थिएटरच्या माळ्यावर पडून राहिली. आता ती पुन्हा बर्लिनला निघाली होती, पुढच्याच आठवड्यात, तिथल्या महोत्सवात. ती तिथे गेली की जगासाठी हाच तो सिनेमा. चंद्रहासने जो आवाज ठेवला तोच आवाज.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने दार लावून घेतलं आणि मूळ आवाज काढला, धुण्याआधीचा, खरखरीसकट. पियानोचा प्रसंग लावला. लिफ्टवाला पियानोला टेकून उभा राहतो, डोळे वर करतो, क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, मिस, आय अ‍ॅम ओन्ली अ लिफ्ट बॉय. चंद्रहासला हा थांबण्याचा क्षण पाठ होता, कारण त्याचं सगळं काम त्या क्षणावर उभं होतं. जुना आवाज धुण्याची एक साधी रीत आहे. जिथे कोणी बोलत नाही, काही वाजत नाही, असा एक शांत तुकडा शोधायचा. त्या तुकड्यात जे काही असेल तो निव्वळ कचरा. फिल्मची खरखर, मशीनची घरघर. तो तुकडा मशीनला ऐकवायचा आणि सांगायचं, हा कचरा ओळखून ठेव, आणि अख्ख्या सिनेमात याच्यासारखं जे जे दिसेल ते काढून टाक. मशीन आज्ञाधारक असतं. चंद्रहासने तुकडा निवडला होता तो इथला, पियानोपाशी लिफ्टवाला तोंड उघडण्याच्या आधीचा. इतका शांत तुकडा दुसरा कुठे सापडलाच नव्हता. आता तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत बसला. काही नाही. आवाज वाढवला, काही नाही. मग त्याने स्क्रीनवरचा आलेख मोठा केला. तळाशी मशीनची घरघर होती, नेहमीची. पण वरच्या बाजूला, जिथे स, श, ट, थ असले हवेचे आवाज उमटतात, तिथे फिकट ठिपक्यांचे पुंजके होते. सारख्या अंतराने, थांबत थांबत, माणूस बोलतो त्या लयीत. हिरोच्या प्रत्येक वाक्याआधी. ते काम करताना दिसले नव्हते असं नाही. दिसले होते. पण कानाला काही नाही म्हटल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतं, वीस-पंचवीस वर्षं त्याने हेच तर शिकवलं होतं सगळ्यांना. म्हणजे त्याने त्या बाईच्या आईलाच नमुना म्हणून दिलं होतं. हिला ओळखून ठेव आणि जिथे दिसेल तिथून काढून टाक. मशीनने बिनचूक काढलं होतं. पियानोखालून, सोफ्यामागून, टोपलीतून.

त्याने मग एक बारीक शिट्टीसारखा सूर मशीनवर चढवत नेला, जसा कानाचे डॉक्टर लावतात. काही वेळ तो सूर ऐकू येत होता, मग नुसता मीटर हलत राहिला. मीटर हलतोय, हेडफोन कानाला आहेत, आणि कान रिकामे. खोलीतली हवा कोणीतरी काढून घेतल्यासारखं त्याला वाटलं. सूर खाली आणला की यायचा, वर नेला की जायचा, आणि जिथे जायचा ती जागा त्याच्या अंदाजापेक्षा फारच खाली होती. भीती वाटली, सरळ साधी भीती, लहानपणी विहिरीत डोकावल्यावर वाटायची तशी. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर नितीश, त्याच्या हाताखालचा तरणाताठा मुलगा, कोणाशीतरी बोलत होता. चंद्रहासला वाक्यं कळत होती, पण आता त्याच्या लक्षात आलं की तो नितीशच्या ओठांकडे बघत होता, काचेतून. हे आपण कधीपासून करतोय ते त्याला आठवेना.

आठवले ते अण्णा. त्याचे वडील शेवटची काही वर्षं पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये असेच होते. अण्णा बहिरे नव्हते, असं अण्णाच म्हणायचे. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वीच्या लोकांचे उच्चार बघा. चहा घेणार का विचारलं तर ते म्हणत, नाही, तो गेल्याच वर्षी गेला. सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, उशिरा, कारण सगळे हसतायत ते दिसायचं. मग विचारायचे, काय झालं रे? आणि चंद्रहास, इथून सुट्टीवर गेलेला, आवाजाच्या धंद्यात नाव काढलेला मुलगा, म्हणायचा, काही नाही अण्णा, जाऊ दे. दोनदा सांगायचा कंटाळा. तेवढं महत्त्वाचं नव्हतंच ते. कुठलंच वाक्य सुटं घेतलं तर दोनदा सांगण्याइतकं महत्त्वाचं नसतं. पण शेवटी शेवटी अण्णांनी विचारणंच सोडलं, खुर्ची गॅलरीकडे वळवून बसायला लागले, आणि घरातल्यांना वाटलं, बरं झालं, म्हातारा समाधानी आहे. त्यांना कानाचं यंत्र आणून द्यायला हवं होतं. चंद्रहासला तेव्हाही ते माहीत होतं. कोणत्या कंपनीचं चांगलं असतं हेसुद्धा माहीत होतं.

घरी आल्यावर त्याने ऋग्वेदाला बोलावलं. त्याची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मराठी सगळं कळणारी आणि उत्तरं इंग्लिशमध्ये देणारी. ती मागच्या डेकवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात अडकवून फोन बघत बसली होती. तिला त्याने हेडफोन दिले आणि म्हटलं, बघ, काही ऐकू येतं का. विचारताना आवाज मुद्दाम सहज ठेवला. तिने डोळे मिटले, आणि लगेच हसली. "देअर्स अ लेडी व्हिस्परिंग, बाबा. ती आधी सांगते आणि मग तो बोलतो. इट्स काइंड ऑफ क्यूट."

"काय म्हणते ती?"

ऋग्वेदाने सांगितलं. मिस, आय अ‍ॅम ओन्ली अ लिफ्ट बॉय. आधी ती, अगदी अलगद, मग तो, जड जिभेने. एके ठिकाणी तो चुकतो तर ती पुन्हा सांगते, आणि तिचं पुन्हा सांगणं जरा घाईचं आहे, बिचारी घाबरली असणार. एके ठिकाणी ती सांगते आणि स्वतःच हसू दाबते. चंद्रहास मुलीच्या तोंडाकडे बघत राहिला. पुण्यात कॉलेजच्या नाटकांत तो प्रॉम्प्टिंगला बसायचा, विंगेत, स्टुलावर, हातात टॉर्च घेऊन. आपला आवाज नटाला पोचावा आणि पहिल्या रांगेला पोचू नये ही कसरत काय असते ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्या बाईने ती कसरत परक्या भाषेत केली होती, अंगाचं मुटकुळं करून, घरी लहान पोर ठेवून. ऋग्वेदाने हेडफोन काढले आणि विचारलं, "तुला नाही ऐकू येत हे?" त्याने सांगितलं, येतं गं, खात्री करून घेत होतो. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाला, यंदा झाडांवरचे सिकाडा किडे आलेच नाहीत बघ, उन्हाळा संपत आला तरी किर्र नाही कुठे. ऑफिसातही महिनाभर तो हेच सांगत होता, हवामान बदललंय, किडे कमी झालेत. ऋग्वेदाने त्याच्याकडे बघितलं, मग कुंपणापलीकडच्या झाडांकडे. "बाबा," ती म्हणाली, "दे आर स्क्रीमिंग." झाडं समोर होती, उन्हात उभी, मुकी.

त्यानंतरचे दिवस त्याने चोरासारखे काढले. सुनीताला, बायकोला, सांगता आलं असतं. ती पोरिरुआच्या एका क्लिनिकमध्ये फार्मसिस्ट होती, रोज दहा म्हाताऱ्यांना कानाच्या थेंबांची बाटली समजावून सांगायची. पण सुनीता म्हणाली असती, मग टेस्ट कर, आणि टेस्ट केली की ते खरं झालं असतं. त्याचा करार महिन्याभरात नव्याने व्हायचा होता. कानाने अधू माणूस आवाजाच्या कामावर कोण ठेवतो? या देशात आल्यावर पहिली काही वर्षं त्याने पेनरोजच्या एका गोदामात खोकी मोजली होती. मग हे काम मिळालं आणि तो पुन्हा तो झाला. लोक म्हणायचे, चंद्राचा कान म्हणजे कान. तो कान गेला तर मागे काय उरतं हे त्याला बघायचं नव्हतं. गुपचूप दुरुस्त करावं म्हटलं तर ते जमत नव्हतं. नवा शांत तुकडा निवडायला खरी शांतता कोणती ते कळायला हवं, आणि त्याला तर आता सगळंच शांत होतं. मुलीला शेजारी बसवून करावं? एकदा केलं असतं. पुढच्या वेळी काय? आणि मागचं काय? हा विचार आला की तो उठून उभा राहायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याने किती फिती धुतल्या होत्या. शेतावरच्या जुन्या घरगुती फिल्म, शाळांचे समारंभ. एका माओरी आजीचं गाणं होतं, तिच्या घरच्यांनी विश्वासाने आणून दिलेलं, मागे फार खरखर होती म्हणून. ती खरखरच होती का? का मागे कोणी मुसमुसत होतं, कोणी तिच्याबरोबर हळूच शब्द पुटपुटत होतं? त्या आजीच्या नातवंडांनी त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले होते. पाण्यासारखं स्वच्छ झालं म्हणाले होते. मूळ फिती कपाटात होत्या, पण त्या ऐकून सांगणार कोण? त्याने फियोनाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन येऊन पाहिलं. दोन्ही वेळा तिने हसून विचारलं, काय झालं? आणि तो म्हणाला, नथिंग, स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं मस्त.

तिसऱ्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव एल्झे मॉरिसन. त्यांच्या नातीचे फोन येत राहिले, आजीची तब्येत उतरणीला लागलीय, जमलं तर लवकर या. तेव्हा एका दुपारी तो मूळ आवाज लॅपटॉपवर घेऊन नर्सिंग होममध्ये गेला. दार उघडलं प्राचीने, सांगलीची नर्स, गणपतीत चंद्रहासकडे आरतीला येणारी. "या काका. वाटच बघतायत तुमची. जरा मोठ्याने बोला हं, कानाला मशीन लावलं तरी फार काही पोचत नाही त्यांना." एल्झेबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरून, गळ्याला मोत्यांची माळ. कोणीतरी भेटायला येणार म्हणून नटल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की मावशीने त्यांना इकडे आणलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, आई मागून यायची होती. ती आली नाही. तिला पूर्वेकडच्या छावणीत नेलं इतकं नंतर कळलं. तिचा चेहरा फोटोत आहे, तिचा आवाज कुठेच नाही. मला आठवेल असं मला कायम वाटत आलं, त्या म्हणाल्या, पण दहा वर्षांच्या मुलीला आवाज जपून ठेवायचा असतो हे कोण सांगतं? "मी जाईन आता. पण ते बर्लिनला दाखवणार आहेत ना सिनेमा? त्यात ती असली पाहिजे. तिला तिथूनच काढलं होतं."

त्याने त्यांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि पियानोचा प्रसंग लावला. त्याला आलेखावर ठिपके सरकताना दिसत होते. त्याने बोट वर केलं, आता. बाईंनी डोळे मिटले. लिफ्टवाला बोलून गेला. बाईंनी डोळे उघडले आणि मान हलवली. त्याने पुन्हा लावलं, आवाज वाढवून, तेव्हा हिरोच्या आवाजाने त्या दचकल्या आणि हात कानावर गेले. मग त्याने दुसरी फाइल काढली. त्या कुजबुजीचा सूर त्याने मशीनवर खाली ओढून आणला होता, त्यांच्या आणि त्याच्या कानांच्या आवाक्यात. ती ऐकू येत होती. घसा बसलेला कोणी पुरुष भिंतीमागून बोलतोय तशी. एल्झेबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, कारण त्या शिस्तीच्या होत्या. मग म्हणाल्या, "हे कोण आहे?" त्याने ती फाइल बंद केली.

शेवटी त्याने सिनेमा मुका केला आणि तो स्वतःच ती वाक्यं सांगू लागला, ऋग्वेदाने सांगितली होती तशी, हिरोचं तोंड उघडायच्या आधी, बाईंच्या कानाशी वाकून. मिस, आय अ‍ॅम ओन्ली अ लिफ्ट बॉय. बाई म्हणाल्या, मोठ्याने. तो मोठ्याने म्हणाला. अजून मोठ्याने. तो ओरडला. मिस, द लिफ्ट इज स्टक बट माय हार्ट इज गोइंग अप. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवलं. "माझी आई लपलेली होती," त्या म्हणाल्या. "ओरडली असती तर तिला कामावरून काढलं असतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. मग त्या म्हणाल्या, मला नाही ऐकू आलं तर नाही. माझं वय झालं. तुम्हाला ऐकू येते ना ती? तुम्ही तिला परत जागेवर ठेवा.

येते म्हणणं सोपं होतं. बाई सुखाने डोळे मिटतील, सिनेमा जाईल, करार होईल. त्याने तोंड उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं की त्या त्याच्या ओठांकडे बघतायत, एकटक, अण्णा बघायचे तशा, आणि आपण जे काही म्हणू ते ही बाई खरं धरून चालणार आहे.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"मला ती ऐकू येत नाही. म्हणून ती गेली. मी काढली."

त्यांनी कानामागे हात धरला आणि पुढे वाकल्या. त्यांना काहीच पोचलं नव्हतं. तो जरा मोठ्याने म्हणाला. त्यांनी पुन्हा मान हलवली. मग त्याने खुर्चीचे हात धरले आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्याने ते वाक्य म्हटलं, आय कान्ट हिअर हर, आय ऑल्सो कान्ट हिअर, आणि ते भिंतीवर आपटून कॉरिडॉरमध्ये गेलं. तिथलं हसणं थांबलं. एल्झेबाई मागे टेकल्या. आता त्यांना पोचलं होतं. मग म्हणाल्या, "मग ज्याला येतं त्याला सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

प्राची धावत दाराशी आली होती. "काय झालं काका? कोणाला ऐकू येत नाही?"

"मला," तो म्हणाला. ते त्याने हळूच सांगितलं, आणि तिला ते लगेच ऐकू गेलं. ती दार अर्धवट लावून तिथेच उभी राहिली. त्याने खिशातून फोन काढला, फियोनाचा नंबर लावला आणि फोन कानावर घट्ट दाबून धरला. एल्झेबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पलीकडे कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं, आणि त्याने सांगायला सुरुवात केली.